आठ माणसांची जुनी गाडी

मी वाहन विम्याची सर्व्हेअर. गाडी ठोकली, उलटली, पुरात बुडाली की विमा कंपनी नुकसानीचा अंदाज काढायला मला पाठवते. नाशिक जिल्ह्यातली बहुतेक गॅरेजं मला ओळखतात. नवा गॅरेजवाला मात्र अजूनही माझ्या खांद्यावरून मागे बघतो, साहेब कुठे आहेत म्हणून. या कामाचा एक उपद्रव असा, की नात्यागोत्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की फोन मला येतो. ‘ताई, नुसती एक नजर टाक.’ नुसती नजर टाकण्यात अर्धा दिवस जातो, आणि पुढे काही बिघडलं की सगळ्यांना आठवते ती माझीच नजर.

या वेळी फोन निफाडच्या मावसभावाचा होता. घरात माणसं आठ. तो, वहिनी, तीन मुलं, मावशी, काका आणि नव्वदीला टेकलेल्या आजी, म्हणजे मावशीच्या सासूबाई. वणीच्या गडावर जायचं, लग्नाला जायचं, आजींना नाशिकला दवाखान्यात न्यायचं, तर दर वेळी एक मोटारसायकल आणि एक भाड्याची गाडी. द्राक्षाचे पैसे आले होते, बजेट चार लाखांच्या आत, कर्ज काढायचं नाही. एवढी माणसं बसतील अशी नवी गाडी घ्यायची तर बजेट तिप्पट तरी करावं लागलं असतं. तेव्हा त्याने स्वतःच शोध लावला होता: झायलो. ‘लई जागा आहे ताई, अन् स्वस्त पडती. पण लोक म्हणत्यात बंद झालेली गाडी घेऊ नको.’

लोक म्हणतात ते अर्धं खरं आहे. बाकीच्या अर्ध्या भागासाठी गाडी बंद का झाली, हे आधी बघावं लागतं.

झायलो आमच्याच गावची. जानेवारी २००९ मध्ये ती बाजारात आली आणि महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनत राहिली. इथे प्रत्येकाचा कुणी ना कुणी ‘महिंद्रात’ असतोच, त्यामुळे या गाडीबद्दल नाशिककरांना थोडी घरची माया आहे. दिसायला ती कधीच कुणाला फार आवडली नाही, हेही खरं. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या वर्षी जुलैपासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ऑक्टोबरपासून आधीच्या मॉडेलांनाही टक्कर-चाचणीचे नवे निकष लागले, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ येणार होतं. दहा-दहा, वीस-वीस वर्षं जुन्या रचनेवर एवढा खर्च करायचा का, हा हिशेब प्रत्येक कंपनीने मांडला. टाटा सुमो १९९४ पासून चालत आलेली. तीही २०१९ मध्येच गेली. २०२० मध्ये रेनॉची लॉजीही गेली.

हा झाला एक प्रकार: नियम बदलले म्हणून गाडी गेली, कंपनी जागेवर आहे. क्वालिसचा प्रकार वेगळा. टोयोटाने २००० साली आणलेली ही गाडी चांगली खपत असताना कंपनीने स्वतःहून थांबवली आणि २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा आणली. तिसरा प्रकार टवेराचा. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्रीच बंद केली, आणि टवेराबरोबर तिचं शोरूमही गेलं. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तेव्हा एंडेव्हरवाल्यांच्या पोटात गोळा आला तो याच कारणाने. तीनही प्रकारांत गाडी ‘बंद’च, पण दहा वर्षं वापरताना तिघींत फार फरक पडतो.

सगळ्यांना भीती असते इंजिनची. उद्या इंजिनचा पार्ट मिळाला नाही तर? माझ्या टेबलावर येणाऱ्या क्लेममध्ये मला उलटं दिसतं. इंजिन सहसा एकाच गाडीत वापरलेलं नसतं. झायलोची सुरुवातीची ई-८ वगैरे मॉडेलं अडीच लिटरच्या ‘एमईगल’ इंजिनवर होती. २०१२ मध्ये आलेल्या ई-९ मध्ये आणि पुढे एच-८, एच-९ मध्ये २.२ लिटरचं ‘एमहॉक’ बसलं, म्हणजे स्कॉर्पिओचंच कुटुंब. स्कॉर्पिओचं इंजिन न उघडलेला मेकॅनिक नाशिक जिल्ह्यातल्या एकाही तालुक्याच्या गावी सापडणार नाही. लॉजीचं दीड लिटरचं डिझेल इंजिन डस्टरमध्ये होतं. होंडाची मोबिलिओ २०१४ ते २०१७ एवढीच टिकली, पण तिचं डिझेल इंजिन अमेझ आणि सिटीतही होतं. अशा गाड्यांचे फिल्टर, क्लच प्लेट, इंजेक्टर सहज मिळतात.

बंद झालेली गाडी अडते ती हेडलाइटवर. टेललाइट, बंपर, आरसा, दाराची काच, डॅशबोर्डवरची झाकणं, मागच्या कोपऱ्यातली छोटी तिरकी काच ही सगळी त्या एका मॉडेलची, दुसऱ्या कुठल्याच गाडीला न लागणारी. झायलोचा पुढचा भाग निदान क्वांटोने घेतला होता, कारण क्वांटो म्हणजे मागून कापून चार मीटरच्या आत बसवलेली झायलोच. मागची बाजू मात्र तिची एकटीची. इंजिन बिघडलं तर मेकॅनिक चार दिवसांत काहीतरी मार्ग काढतो. मागची काच फुटली तर गाडी प्लास्टिकचा कागद चिकटवून उभी राहते. बंद झालेल्या एका मोठ्या गाडीची अशी काच शेवटी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, खोललेल्या गाड्यांच्या दुकानात मिळाली. तोवर पावसाळा सरत आला होता, आणि आतल्या सीटना बुरशी चढली होती. बुरशीचा खर्च क्लेममध्ये बसत नाही, हे त्या माणसाला मलाच सांगावं लागलं.

म्हणून मावसभावाला मी म्हटलं, झायलो घे, कंपनी इथेच आहे, इंजिनही ओळखीचं आहे. पण गाडी बघताना पत्रा, काच आणि दिवे बघायचे, इंजिनइतकेच.

पहिली गाडी ओझरकडच्या एका यार्डात होती. पांढरी, २०१५ ची, टायरला काळं पॉलिश मारलेलं. एजंट म्हणाला, ‘डॉक्टरांची गाडी आहे मॅडम, एक हात.’ मीटर ७८ हजारांवर. मी छतावर हात फिरवला. कॅरिअर बसवल्याच्या जागी बुजवलेली भोकं रंगाखालूनही बोटाला लागत होती. एखादा डॉक्टर छतावर कॅरिअर लावेलही, तेवढ्यावरून कुणाला खोटं पाडायचं नसतं. पण दाराच्या खालच्या कडेने डिंकाची एक सरळ रेघ गेली होती. ही चमकत्या टेपची खूण. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी टेप लावावी लागते. बॉनेट उघडल्यावर एका तुटक वायरिंगजवळ स्पीड गव्हर्नरची रिकामी पट्टी सापडली. डॉक्टर ताशी ८० ला गाडी बांधून घेत नाहीत. ही पिवळ्या पाटीची गाडी होती, पाटी पांढरी करून आणलेली.

टुरिस्ट गाडी खासगी करून घेणं कायदेशीर आहे, त्यात गुन्हा नाही. किंमतही त्या हिशेबाने कमी असायला हवी, एवढंच. दहा वर्षं शिर्डी-त्र्यंबक करणाऱ्या गाडीचं मीटर ७८ हजारांवर थांबत नाही. मीटर मागे फिरवायला फारसा वेळ लागत नाही, पैसेही फार पडत नाहीत. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड मात्र मागे फिरवता येत नाही. इथे तिन्ही झिजलेली होती. मग मी दाराचं रबरी बीडिंग थोडं सोडवून बघितलं. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे ठसे गोल आणि एकसारख्या अंतरावर असतात. डाव्या मधल्या खांबावर ते ठसे पुटीने भरून टाकले होते, आणि त्या बाजूच्या दोन काचांवर वेगवेगळ्या कंपन्यांचे शिक्के होते. डावीकडून चांगलाच मार बसला होता. एजंट तोवर चहा सांगून आला होता. मी चहा घेतला, गाडी नाही.

पाण्यात गेलेल्या गाड्यांबद्दल इथेच सांगून टाकते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा कितीतरी गाड्या ‘टोटल लॉस’ झाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. त्यातल्या काही गाड्या भंगारात न जाता धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यात परत रस्त्यावर येतात. गालिचा उचलून सीटच्या रुळांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खाचेत बोट घाला. चिखल वाळला तरी कोपऱ्यातली बारीक माती जात नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची रेघ दिसते, आणि जोरदार टक्कर झालेली असेल तर तिथे घासल्याचा चट्टाही दिसतो. बेल्टवर त्याच्या निर्मितीचं लेबल असतं. गाडी २०१५ ची आणि बेल्ट २०१८ चा असेल तर मधे काहीतरी झालेलं आहे.

दुसरी एक झायलो अर्ध्या किमतीत मिळत होती, दिल्ली पासिंगची. भावाचे डोळे चमकले. दिल्लीत २०१५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशांची टांगती तलवार आहे. आदेश मधे सैल होतात, परत आवळतात, पण तिथला मालक गाडी काढून टाकायच्या घाईत असतो, आणि त्या गाड्या खाली आपल्याकडे येतात. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथे भरायचा कर, बारा महिन्यांच्या आत घ्यायचा एमएच नंबर हे सगळं मिळून स्वस्ताई बरीचशी आटते. शिवाय तिचा भूतकाळ विचारायला आपल्याला दिल्लीत कोण ओळखतं? सिन्नरच्या गाडीचा भूतकाळ मी दोन फोनमध्ये काढते.

आणि तो काढलाच. तिसरी गाडी सिन्नरला एका निवृत्त ग्रामसेवकांची होती. २०१६ ची एच-८. मीटर १ लाख ४० हजार, आणि ते खरं होतं, कारण सर्व्हिसिंगची बिलं प्लास्टिकच्या पिशवीत तारखेवार लावून ठेवलेली. गाडीला बाहेरून ओरखडे भरपूर. मागच्या बंपरला घराच्या फाटकाने केलेली खूण, एक व्हीलकॅप गायब. भाऊ हिरमुसला. मला गाडी आवडली. ओरखडे दिसतात म्हणजे मूळ रंग शाबूत आहे, वरून काही झाकलेलं नाही. सगळ्या काचा एकाच शिक्क्याच्या. दोन्ही हेडलाइट मूळचे, जरा पिवळे पडलेले.

आदल्या दिवशी मी ग्रामसेवकांना सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. डिझेल इंजिनचं खरं रूप सकाळी थंडीत कळतं. एका सेल्फमध्ये उठलं. सुरुवातीचा धूर थोडा पांढरा होता, मिनिटभरात निवला. तो निळा राहिला असता तर ऑइल जळतंय, आणि दाब दिल्यावर काळा येत राहिला असता तर इंजेक्टरचं काम निघालं असतं. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडलं. तिथून फकफक करून धूर बाहेर आला तर गॅरेजवाले म्हणतात, ‘बॅक मारतंय’, म्हणजे रिंगा-पिस्टन झिजलेत. इथे तसं काही नव्हतं. खाली मात्र पुढच्या सस्पेन्शनची बुशं संपली होती आणि क्लच वरच्या टोकाला धरत होता. दोन्ही खर्च मी वहीत लिहिले, ग्रामसेवकांना दिसतील असे.

मोठी गाडी रिकामी चालवून बघण्यात काही अर्थ नाही. ती घ्यायची आठ जणांसाठी, आणि बघायला जातात दोघं. मी भावाला सगळं घर घेऊन यायला सांगितलं होतं. आजींना पाय उचलून चढता येतं का, हीच पहिली चाचणी. त्यांना चढता आलं नाही. साइडला फूटस्टेप लावून घ्यायचं ठरलं. तिसऱ्या ओळीत मुलं बसली, एसी मागपर्यंत पोचतो का ते त्यांनी लगेच ओरडून कळवलं. मग सगळ्यांना घेऊन मोहदरी घाट उतरून चढलो. भरलेली झायलो वळणावर झुकते, हा तिचा स्वभावच आहे. उंच अंग, चासीवर बांधलेली. ज्याला कारसारखी चालवायची सवय आहे त्याने पहिले काही दिवस जपून राहावं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सुटतो की काय एवढंच मला बघायचं होतं, आणि तो थोडा सुटला.

सुरक्षेबद्दल गोड बोलून उपयोग नाही. झायलोच्या खालच्या मॉडेलांत एबीएस आणि एअरबॅग नव्हत्या, आणि हे आरसी बुकावर लिहिलेलं नसतं. स्टिअरिंगच्या मधोमध एसआरएस ही अक्षरं आहेत का, इग्निशन दिल्यावर एबीएसचा दिवा लागून विझतो का, हे डोळ्यांनी बघायचं. सिन्नरच्या गाडीत दोन्ही होतं, हेही माझ्या होकाराचं एक कारण. नाशिकमध्येच बनलेली मराझो २०१८ मध्ये आली, तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले होते. पण तिची किंमत भावाच्या बजेटबाहेर होती. सुमो आणि तिच्या पिढीतल्या गाड्यांत मागे समोरासमोर लांब सीट असायच्या. तशा गाडीत मुलांना मागे बसवणार असाल तर मी बघायलासुद्धा येणार नाही, हे नातेवाइकांना मी आधीच सांगून टाकते.

सौदा ३ लाख ६० हजारांना ठरला. ग्रामसेवक सव्वाचारवर होते, वहीतली बुशं आणि क्लच बघून खाली आले. मग कागद. या विषयाचा लोकांना कंटाळा येतो, पण माझं पोट त्यावर चालतं म्हणून थोडं ऐका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडीवर पूर्वी कर्ज होतं म्हणून बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेतला, ई-चलानची थकबाकी ऑनलाइन तपासली. २०१९ च्या आधीची गाडी, म्हणून नवी सुरक्षा नंबरप्लेट लावली आहे का तेही बघितलं. ‘ट्रान्स्फर करू सावकाश’ म्हणणाऱ्या विकणाऱ्यांना मी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगते: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, मग मधे गाडी कितीही हात बदलून गेलेली असो. ग्रामसेवक स्वतःच दुसऱ्या दिवशी आरटीओत हजर झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी केलेला माणूस.

विम्याचं लोक विसरतात. मालक बदलल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर घ्यायची असते. समोरच्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, आपल्या गाडीच्या नुकसानीचा आपोआप येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, फरकाचे पैसे आपण भरायचे. बंद झालेल्या गाडीचं आणखी एक खास आहे. चालू मॉडेलची विम्याची किंमत कंपनीच्या किमतीतून ठरावीक टक्के वजा करून निघते. पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन थांबलेल्या गाड्यांना तो तक्ता लागू नाही. तिथे ही किंमत, म्हणजे आयडीव्ही, विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. बहुतेक लोकांना हे माहीतच नसतं. एजंट हप्ता कमी दाखवण्यासाठी दीड लाख टाकतो आणि मालक सही करतो. उद्या गाडी चोरीला गेली तर मिळणार तेही दीडच लाख. आयडीव्ही कमी असली की ७५ टक्क्यांची रेघही लवकर ओलांडली जाते, आणि साध्या दुरुस्तीची गाडी टोटल लॉस ठरते. मी भावाची आयडीव्ही साडेतीन लाखांवर बोलून घेतली.

पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या पार्टवर ४० टक्के घसारा कापला जातो, दहा वर्षांपुढे ५०. बंपर, आरशाचं घर असल्या प्लास्टिकवर सरसकट ५०. म्हणजे बंपर सापडला तरी निम्मे पैसे आपलेच. त्यामुळे उरलेल्या चाळीस हजारांत बुशं, क्लच आणि फूटस्टेप झाल्यावर भावाला मी हेडलाइटची एक जोडी, दोन टेललाइट आणि डावा आरसा आत्ताच घेऊन ठेवायला लावलं. वहिनींना ते पटलं नाही. चांगले दिवे असताना दुसरे दिवे माळ्यावर कशाला, हा त्यांचा प्रश्न बरोबरच आहे. पण या वस्तू आज दुकानात मिळतात, आणखी पाच वर्षांनी मिळतीलच असं नाही. आरसी २०३१ पर्यंत आहे. त्यानंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं. फी २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर. तोवर गाडी वापरायची तर तेवढी वर्षं दिवे लागणार.

काच मात्र माळ्यावर ठेवता येत नाही. काचेवर विम्यात घसारा नाही, पूर्ण पैसे मिळतात. मागची काच फुटलीच तर त्यांनी आधी मला फोन करायचा आहे, गॅरेजला नंतर, कारण कुर्ल्यातल्या कुठल्या दुकानात झायलोच्या खोललेल्या गाड्या येतात हे आता मला माहीत आहे.